पांढऱ्या सदऱ्याशी घातलेला वाद
मैदानावर रेषा आखायच्या ओल्या फक्कीचा वास आला की मला मुळशीतल्या शाळेचं ते धरणाकाठचं मैदान आठवतं. श्रावणातली दुपार, तालुक्याचा बास्केटबॉलचा अंतिम सामना, आणि मी मुलांचा मास्तर. माझा आवाज पंचांच्या शिट्टीपेक्षा मोठा. आम्ही एका गुणाने मागे होतो. आमच्या पोराने फेकलेला चेंडू हवेत असतानाच वेळ संपल्याची शिट्टी झाली आणि मग तो जाळीतून गेला. चेंडू शिट्टीआधी हातातून सुटला असेल तर बास्केट धरतात, तरी पंचांनी ती नाकारली. तेवढ्यात पाण्यावरून असं धुकं आलं की समोरचा खांब दिसेना. मी तसाच आत घुसलो, पांढरा सदरा दिसला आणि पंचच समजून त्याच्या पाठीला अख्खं नियमांचं पुस्तक ओरडून ऐकवलं. तो वळलाच नाही. मग गार आवाज आला, "मास्तर, तुमी बसा. कॅप्टनला धाडा." मी मुकाट बाकावर येऊन बसलो. कॅप्टनने नीट विचारलं, पंचांनी घड्याळवाल्याशी बोलून बास्केट धरली, आम्ही जिंकलो. धुकं विरल्यावर मी पंचांची माफी मागायला गेलो. ते पुण्याचे, बोलणंही शहरी. म्हणाले, "माझ्यावर कधी ओरडलात? मी टेबलापाशीच होतो. तुम्हीच तिकडे पाण्याकडे तोंड करून कुणाशी तरी भांडत होतात." त्या टोकाला ओल्या फक्कीवर फक्त माझ्याच बुटांचे ठसे होते. अजूनही वाद झाला की मी कॅप्टनलाच पाठवतो, आणि बाकावर बसताना शेजारी त्या पांढऱ्या सदऱ्यासाठी माणूसभर जागा सोडतो.