खबरदार, ड्रायव्हर बदलाल तर!

वर्षभरात ऑफिसात कागद किती जमला ते मला सांगता येणार नाही, पण किस्से इतके जमलेत की डब्याच्या सुट्टीत भाजी तोंडात घालायला फुरसत मिळत नाही. माझ्या नणंदेला मात्र ते पटत नाही. ती म्हणते, "वहिनी, तुमचं काम म्हणजे दोन कम्प्युटर आणि एक वायर. त्यात हसण्यासारखं काय असते?"

तिचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. वर्ध्यात एका पिठाच्या चक्कीच्या वर आमची खोली. माणसं तीन. ढोले सर मालक, गजू आणि मी टेस्टिंगला. कम्प्युटरला जिथे नेटची वायर लागते ते नेटवर्क कार्ड, आणि त्या कार्डाला चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर. एका कंपनीच्या नव्या कार्डावर लोड आला, म्हणजे डेटा जास्त झाला, की स्पीड धाडकन पडायचा. त्या कंपनीचा बंगळुरूचा वेंकट ड्रायव्हर दुरुस्त करून पाठवायचा. आम्ही एका कम्प्युटरमधून दुसऱ्यात डेटा सोडायचा, किती वेगानं पार झाला ते मोजायचं आणि वेंकटला कळवायचं. बस्स!

वेंकटची पहिलीच दुरुस्ती बसवली आणि स्पीड होता त्याच्याही निम्म्यावर आला!

ढोले सरांना वाईट बातमी लिहायची भारी भीती. काम नवं, गिऱ्हाईक नाराज झालं तर? म्हणाले, "शीतल, सरक, मी लिहितो." बराच वेळ डोकं खाजवून त्यांनी इंग्रजीत लिहिलं, त्याचा अर्थ असा : 'आपल्या दुरुस्तीनंतर स्पीडमध्ये खालच्या दिशेनं चांगली प्रगती आहे.'

वेंकटचं लगेच उत्तर आलं, "वा! मग हीच दिशा पकडून पुढे जातो."

•••

एक दिवस गजू खुर्चीतून उडालाच. "सर! सर! इकडे या! तार दहाची हाय आन आकडा वीसच्या वर चालला!"

सर धावत आले. खरंच की! कार्डाची ताकद सेकंदाला दहा गिगाबिटची, आणि त्याच्या दुप्पट स्पीड! सरांनी गजूला मिठी मारली आणि खाली जाऊन आमच्या वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा डबा घेऊन आले. चक्कीत दळण घेऊन बसलेल्या बायांनासुद्धा वाटला.

मी आपली दुसऱ्या कम्प्युटरच्या मागची धूळ पुसत होते. म्हटलं, "गजू, केबल तर मी सकाळीच काढून ठेवली. ही काय खुर्चीवर पडली आहे."

गजूनं स्क्रीन पाहिली. डेटा कुठे पाठवायचा तो पत्ता टाकताना त्यानं पाठवणाऱ्याच कम्प्युटरचा पत्ता टाकला होता! मशीन सकाळपासून स्वतःच स्वतःशी बोलत बसलं होतं.

सरांचा गोरसपाक अर्धा तोंडात, अर्धा हातात. हळूच म्हणाले, "जे वाटले ते वाटले. डब्यातले वापस ठेवा."

•••

आमचे घरमालक म्हणजे खालच्या चक्कीचे काकाजी. अंगभर पीठ, डोक्याला गमछा. एकदा वर आले आणि गजूला म्हणाले, "काऊन रे, या डब्यातून त्या डब्यात दिवसभर काय पाठवतं तू?"

गजू म्हणाला, "काई नाई काकाजी. कचरा डेटा."

"आन तिकडे पोचला की?"

"पोचला का थे मोजतो, आन फेकून देतो."

काकाजी मान हलवत खाली गेले. पण गोष्ट त्यांच्या डोक्यात बसली.

तेव्हा गजूच्या लग्नाचं चाललं होतं. हिंगणीची मुलगी त्याला मनापासून आवडली होती. मुलीचे वडील चौकशीला आले ते थेट चक्कीवर. काकाजींनी गजूचं तोंड भरून कौतुक केलं, "पोट्टा लाखात एक हाय! दिवसभर कचरा वाहते. इकडचा उचलला का तिकडे. कटाळा म्हणून नाई!"

मुलीचे वडील हसत हसत जिना चढले. "वा, जावईबापू! म्हणजे नगरपरिषदेत हाय तुमी! पर्मनंट हाय ना?"

गजू पडला सरळ माणूस. त्यानं नीट समजावून सांगितलं, की मामाजी, तो कचरा कम्प्युटरमधला. आणि नोकरी प्रायव्हेट.

त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे खरा कचरा नाई?"

"नाई जी."

त्यांनी चहा संपवला, टोपी सारखी केली, "पाहू मंग," म्हणाले आणि गेले ते गेलेच.

गजू पार खचला. डबासुद्धा उघडेना. काकाजी वर येऊन त्यालाच ओरडले, "अबे, खरा कचरा हाय म्हणायले तुह्यं काय जात होतं?"

पुढे त्याचं तळेगावला जमलं. या वेळी गजूनं शहाणपणा केला. सासऱ्यांनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, "डेटा वाहतो." सगळं सुरळीत पार पडलं. आता जोडी सुखात आहे. फक्त सासरे अधूनमधून विचारतात, "ट्रक सोताचा हाय का किरायाचा?"

•••

मे महिन्यात दुपार झाली की स्पीड पडायला लागला. वेंकटनं फोनवर गजूला विचारलं, "बाहेर तापमान किती आहे?"

"सत्तेचाळीस."

वेंकटनं पुन्हा विचारलं, "फॅरनहाइट?"

"साहेब, तसं असतं तर आम्ही इथे स्वेटर घालून बसलो असतो!"

मग सरांनी ऑफिसातला एकुलता एक कूलर आमच्यापुढून उचलला आणि कार्डापुढे लावला. आम्ही रुमालानं वारा घेत बसलो, पण स्पीड सुधारला. तरी रोज मध्येच केव्हातरी पडायचा आणि आपोआप परत यायचा. दोन दिवस डोकं फोडल्यावर माझ्या लक्षात आलं. चक्कीच्या गरमीनं हैराण झालेले काकाजी वर यायचे आणि बरोबर कूलर आणि कार्डाच्या मधोमध खुर्ची टाकून बसायचे. सगळा वारा काकाजींना!

त्यांना ऊठ कसं म्हणणार? वयानं मोठे, त्यातून घरमालक. मी वेंकटला मेलमध्ये खरं ते लिहून टाकलं, 'काकाजी आले की स्पीड पडतो, काकाजी गेले की वाढतो.'

वेंकटला वाटलं, काकाजी नावाचा काहीतरी प्रोग्राम मशीनवर चालू आहे. आणि चालू प्रोग्राम बंद करायला आमच्या धंद्यात 'किल' म्हणतात. त्यानं ताबडतोब फोन लावला. गजूनं तो स्पीकरवर घेतला. काकाजी खुर्चीतच होते.

"किल काकाजी!" वेंकट ठणकावून म्हणाला. "किल काकाजी फर्स्ट, देन टेस्ट अगेन!"

इंग्रजी सिनेमे पाहणाऱ्या काकाजींना तेवढं इंग्रजी पुरेसं होतं. ते गमछा सावरत ताडकन उभे राहिले.

"उठतो ना बाप्पा! तोंडानं सांगतलं असतं तरी उठलो असतो!"

•••

नागपूरहून मशीनचा एक पार्ट घेऊन मी काळी-पिवळी जीपनं वर्ध्याला येत होते. जीप खचाखच. मी ड्रायव्हरच्या मागेच. तेवढ्यात गजूचा फोन आला, की वेंकटच्या नव्या ड्रायव्हरबद्दल काय कळवायचं? जीपच्या आवाजात मला ओरडूनच बोलावं लागलं.

"अरे, हा ड्रायव्हर एकदम बेकार आहे! सुरुवातीला बरा चालतो. जरा लोड आला की झोपतो! त्यापेक्षा याला काढ आणि जुन्या ड्रायव्हरलाच परत आण!"

केळझरच्या अलीकडे जीप करकचून थांबली. ड्रायव्हर वळला. डोळे लाल.

"बाई, उतरा खाली."

"अहो भाऊ, तुम्ही नाही! कम्प्युटरचा ड्रायव्हर!"

"कम्प्युटरले ड्रायव्हर असते काय? मले येडा समजून राह्यल्या काय?"

बाजूला मांडीवर पिशवी घेऊन एक म्हातारी बसली होती. ती एकदम कडाडली, "तिच्यावर काऊन खेकसतं रे? खरंच तं बोलून राह्यली पोरगी! बुटीबोरीच्या म्होरं तुही मान दोनदा खाली गेलती, म्या पाह्यली!"

झालं! जीपभर कालवा. मागचा एक गडी म्हणाला, मी तेव्हापासून गणपतीचा धावा करून राह्यलो. शेवटी ड्रायव्हरनं केळझरला उतरून तोंडावर पाणी मारलं, आणि वर्ध्यापर्यंत अशी जीप चालवली की गरोदर बाईलाही धक्का लागू नये.

मी उतरले तर तो मागून आला. आवाज एकदम मऊ. "ताई, मघाशी आमच्या मालकाशीच बोलत होत्या ना?"

"अहो नाही हो..."

"जुना ड्रायव्हर म्हणजे वसंताच ना? मले काढा, हरकत नाई. पण त्याले ठेवू नका म्हणा. त्याच्यापाशी तं लायसनच नाई!"

•••

अखेर तो दिवस आला. ही कार्डं शेकड्यानं विकत घेणारं मोठं गिऱ्हाईक स्वतः व्हिडिओ कॉलवर येऊन टेस्ट बघणार होतं. वेंकटनं आधीच सांगितलं होतं, या वेळी जमलं नाही तर कार्ड रद्द, त्याचा प्रोजेक्ट रद्द, आणि आमचं टेस्टिंगही रद्द. गजूचं नवं लग्न, आणि वेंकटची कंपनी हेच सरांचं एकुलतं एक गिऱ्हाईक. सर वरून कोट-टाय आणि खालून पायजमा घालून बसले होते. पाय कॅमेऱ्यात येत नाहीत म्हणून.

वेंकट शेवटची दुरुस्ती आमच्या नेहमीच्या सामाईक फोल्डरमध्ये टाकणार होता. मी नेहमीप्रमाणे फोल्डरमधली फाइल घेतली, बसवली, देवाचं नाव घेतलं आणि टेस्ट सुरू केली.

स्पीड वर गेला. पूर्ण दहा! मी लोड वाढवला. दहाच! आणखी वाढवला, दुप्पट केला. स्क्रीनवरची रेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ! गजूनं टेबलाखाली माझा हात इतका घट्ट धरला की माझ्या बांगड्या रुतल्या.

गिऱ्हाईकाचे साहेब खूश झाले. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग म्हणाले, "मिस्टर वेंकट, एवढे महिने जे जमलं नाही ते आज कसं जमलं? नेमकं काय बदललं तुम्ही?"

वेंकटचा चेहरा पांढरा पडला होता. घसा खाकरून म्हणाला, "आम्ही... सगळ्याच गोष्टींचा मुळापासून विचार केला."

साहेबांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

त्याच क्षणी माझ्या मोबाइलवर वेंकटचा मेसेज आला. फक्त मला.

'शीतल, घोळ झाला. नवी फाइल फोल्डरमध्ये टाकायची राहूनच गेली. तिथे अजून मागच्या आठवड्यातलीच आहे, ती जी चालत नव्हती. आत्ता टाकू का?'

मी मोबाइल सरांपुढे धरला. सरांनी मेसेज वाचला. मग स्क्रीनवरची सरळ रेघ पाहिली. मग पुन्हा मेसेज वाचला. त्यांनी आमचा माइक बंद केला, चेहऱ्यावरचं हसू कॅमेऱ्यासाठी तसंच ठेवलं आणि ओठ न हलवता म्हणाले,

"लिही त्याले, खबरदार काई टाकशीन तं!"