नारळी पुनवेची तपासणी

बायको गेली आणि घर मला खायला उठलं. भांडायला कोणी नाही म्हणून भिंतीशी भांडतो. ती उलट बोलत नाही, म्हणून आणखी चिडतो. त्यामुळे खाडीकाठच्या कोळशाच्या वीजकेंद्रावरची कंत्राटी नोकरी हाच माझा आधार. केंद्र थंड ठेवायला पंप समुद्राचं पाणी ओढतो. त्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी आहे, तिच्यातला कचरा काढायचा, एवढंच काम.

यंदा मुंबईचे साहेब तपासणीला आले. केंद्र भरवशाचं आहे की नाही, ते बघणार. दिवसभर न थांबता चाललं तर ठीक, नाहीतर टाळं. टाळं लागलं की मी घरी, भिंतीसमोर.

आता या शिकलेल्यांनी दिवस कुठला काढावा? नारळी पुनवेचा!

शेजारच्या दांडी गावच्या कोळ्यांनी वाजतगाजत समुद्राला नारळ वाहिले. भरती चढली तसे ते सगळे, सोनेरी कागदासकट, आमच्या जाळीवर येऊन बसले. पंप धापा टाकू लागला. आम्ही लांब दांड्याच्या जाळीने, झेल्याने, नारळ काढले. पण समुद्राला दिलेला नारळ जमिनीवर ठेवायचा कसा? म्हणून कठड्यावरून परत पाण्यात टाकले. भरतीने पुन्हा आणले. पुन्हा काढले, पुन्हा टाकले.

जोडीचा यूपीवाला ओरडला, "काका, वही नारियल फिर आ गया!"

"वळखतोस काय त्याला? पावना हाय तुझा?"

तपासणीचे साहेब धावत आले. "काका, वीज कमी पडतेय! बाहेर ठेवा ना ते!"

"देवाचे हायेत सायेब. तुमी ठेवा, पाप तुमाला."

साहेबांनी हात मागे घेतले. पापाला सगळेच भितात.

पंप आता रडायलाच लागला. तेव्हा मला बायकोचं बोलणं आठवलं. मी मासेमारी करायचो तेव्हा जाळ्यात काहीही येवो, ती म्हणायची, "समुद्र देतो त्याला नाय म्हनू नको, मेल्या."

मी म्हटलं, "अरे, घे म्हणून तो कवाचा मागं लागलाय! परसाद हाय हा!" आणि पहिला नारळ पायरीवर फोडला.

मग काय, काढायचा, फोडायचा, खायचा. साहेबांनी कागद बगलेत धरून दोन्ही गालांत खोबरं कोंबलं. ओहोटी लागेपर्यंत पंप रडतखडत चालला, पण बंद पडला नाही.

जाताना साहेब म्हणाले, "केंद्र भरवशाचं आहे. फक्त पुनवेला जाळीवर माणसं वाढवा."

"आनि मी?"

"तुम्ही तर पाहिजेच, काका."

दुसऱ्या सकाळी वेळेआधीच कामावर गेलो. खोबऱ्याने पोट पार बिघडलं होतं, पण घरी थांबलो नाही.