सात दिवसांचा आवाज

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला गल्लीत सगळे कानसेन म्हणत. गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण बंद पडलेला रेडिओ समोर ठेवला की तो आधी मान तिरपी करून, डोळे मिटून नुसती खरखर ऐकायचा आणि मग सांगायचा, अमुक ठिकाणी बिघडलंय. दहातल्या नऊ वेळा तसंच निघायचं. दहाव्या वेळी तो म्हणायचा, रेडिओच खोटं बोलतोय.

पुढे लोकांनी रेडिओ ऐकणंच सोडलं. दुकानात माणसांपेक्षा धूळ जास्त यायला लागली, तेव्हा त्याच्या थोरल्या बहिणीने, ताईने, त्याला अक्षरशः हाताला धरून संगणकाच्या वर्गात नेऊन बसवलं. त्याचं वय तेव्हा सत्तेचाळीस. वर्गातली बाकीची मंडळी त्याच्या निम्म्या वयाची. पहिले दोन महिने त्याला काही म्हणजे काही कळलं नाही. मग एक दिवस लक्षात आलं की बिघाड शोधणं हे बिघाड शोधणंच असतं, तो तारेत असो नाहीतर लिहिलेल्या ओळीत. दोन-तीन वर्षांत तो फोनवर चालणारी लहानसहान ॲप्स बनवायला लागला. वाचनालयासाठी एक, लाँड्रीवाल्यासाठी एक. संसार चालत होता.

ताई मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर होती. तेहतीस वर्षं. घाबऱ्याघुबऱ्या माणसाने फोन केला की त्याच्या कानावर पहिला आवाज पडायचा तो हिचा. कमी बोलायची, पण ऐकणाऱ्याला हातात काहीतरी धरायला मिळाल्यासारखं वाटायचं. लग्न केलं नव्हतं. भावाच्याच घरी राहायची आणि भावजयीशी तिचं असं मेतकूट होतं की कानसेन म्हणायचा, या घरात पाहुणा मीच आहे.

निवृत्तीला वर्ष राहिलं असताना तिचा आवाज बसला. सर्दी म्हणून महिनाभर काढला. मग तिच्याच रुग्णालयातल्या घशाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि ज्या गोष्टीचं नाव घरात कुणी घेत नव्हतं तीच निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. जीव वाचेल, बोलणं जाईल. शस्त्रक्रियेची तारीख एकोणीस दिवसांनंतरची मिळाली.

कानसेनने दोन दिवस काम बाजूला ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्याने माळ्यावरून जुना मायक्रोफोन काढला, आवाज घुमू नये म्हणून खोलीतल्या कपाटाची दारं उघडून त्यांवर गोधड्या टांगल्या आणि ताईला आत स्टुलावर बसवलं. दिवसाकाठी तासभर, घशाला झेपेल तेवढंच ती बोलायची आणि तो ते साठवून ठेवायचा. वाक्यांची यादी त्याने केली होती. पाणी हवंय, दुखतंय, खिडकी उघड, डॉक्टरांना बोलवा.

ताईने यादी वाचली आणि परत त्याच्या हातात दिली.

"दुखतंय एवढंच सांगायला मी मागे राहणार आहे का रे?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तुला ओरडायचं कशाने? तुझ्या बायकोला हसवायचं कशाने?"

मग तिने स्वतः यादी केली. त्यात 'तुझं ऐकलं, पण पटलं नाही' होतं. 'आधी हात धू' होतं. 'जाऊ दे, मी आहे ना' होतं, आणि ते वाक्य तिने पाच वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हणून ठेवलं, कारण ते एकाच तऱ्हेने म्हणता येत नाही असं तिचं म्हणणं होतं. अकराशे चाळीस वाक्यं झाली. विसाव्या दिवशी सकाळी ती उठली ती बिनआवाजाची.

ती रुग्णालयात पडून होती तेव्हाच त्याने ॲप तयार केलं. नाव ठेवलं 'बोलती पाटी'. पडद्यावर बोट ठेवलं की ताईच्या आवाजात वाक्य ऐकू यायचं, आणि वाक्यांमधले शब्द सुटे करून नवी वाक्यंही जुळवता यायची. घरी आल्यावर ताईने पहिलं बोट ठेवलं ते 'आधी हात धू' यावर. भावजय हसता हसता तोंडाला पदर लावून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

डॉक्टरांनी ते पाहिलं आणि इतर रुग्णांना सांगितलं. पण त्यातल्या कित्येकांचा आवाज आधीच गेलेला होता. मग कानसेन त्यांच्या घरी जाऊन जुन्या कॅसेट, जुन्या चित्रफिती मागायचा आणि त्यातून त्यांचे शब्द वेचून, खरखर काढून, स्वच्छ करून द्यायचा. चौकातल्या म्हाताऱ्या शिंप्याचा आवाज फक्त मुलीच्या लग्नाच्या चित्रफितीत सापडला. तिथे तो पाहुण्यांना आग्रहाने पंगतीला बोलावत होता. त्यामुळे पुढे शिंपीदादा 'डोकं दुखतंय' सुद्धा जेवायला या म्हटल्यासारखं म्हणायचे. सगळे हसायचे, आणि शिंपीदादा सगळ्यांत जास्त. आवाज न करता.

चार वर्षांत गावोगावची दोनशे बारा माणसं त्या पाटीवर बोलायला लागली.

पाटी ज्या फोनवर चालायची, त्यावर ॲप टाकायचं तर एकच दार होतं. फोन बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं स्टोअर. कानसेनला त्यात सुरुवातीला वावगं वाटलं नव्हतं. त्याच्या बायकोला एकदा बँकेच्या नावाने कुणीतरी फसवं ॲप पाठवलं होतं आणि ते फोनने आत घेतलं नाही म्हणून ती वाचली होती. दारावर राखणदार असलेला बरा, असं तो म्हणायचा. पण राखणदार येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून वाटा घ्यायचा, विक्रीतले दहात तीन भाग, आणि दुसरं दार पाडायला परवानगी नव्हती. रुग्णालय गरजूंसाठी पाटी थेट कानसेनकडून घ्यायला तयार होतं, म्हणजे ती स्वस्त पडली असती. म्हणून त्याने ॲपमध्ये एक ओळ लिहिली, की रुग्णालयात चौकशी करा. त्या एका ओळीपायी स्टोअरने पाटी नऊ दिवस बंद ठेवली. त्याने ओळ खोडली, पाटी परत आली. बळी तो कान पिळी, असं ताईने शब्द जुळवून ऐकवलं. तो हसला, पण ते नऊ दिवस त्याच्या मनातून गेले नाहीत.

मग एका सकाळी कंपनीने जाहीर केलं की यापुढे ज्याला हवं त्याचा आवाज फोनच साठवून ठेवील, फुकट. कानसेनला खरंच आनंद झाला. त्याने ते लगेच उघडून पाहिलं. त्यात माणसाने स्वतः फोनसमोर बसून पाव तास वाचायचं होतं. ज्याचा आवाज गेलाय त्याने काय वाचायचं? जुनी ध्वनिफीत त्यात चालत नव्हती, पाटीतला आवाज त्यात नेता येत नव्हता. ही अडचण त्याने कंपनीला कळवली. उत्तर आलं ते वेगळंच. तुमचं ॲप फोनमधल्या मूळ सोयीची नक्कल करतं, सबब ते काढून टाकण्यात येत आहे, आणि तुमचं खातं बंद करण्यात येत आहे.

त्याने सतरा पत्रं लिहिली. सतराही उत्तरं शब्दाला शब्द तीच होती, फक्त खाली दरवेळी नाव वेगळं. दुसऱ्या कंपनीच्या फोनसाठी पाटी करून पाहावी असं एकाने सुचवलं. त्याने तीही केली. पण माणसं फोन बदलणार कुठून? निम्म्या लोकांना हाच फोन कुणीतरी दिलेला होता.

ज्यांच्या फोनमध्ये पाटी होती त्यांची काही महिने चालली. मग फोनची नवी आवृत्ती आली आणि पाटी उघडताक्षणी मिटायला लागली. बिघाड त्याला एका दुपारी सापडला. तीन ओळी बदलायच्या होत्या. पण त्या तीन ओळी लोकांच्या फोनपर्यंत पोचवायला रस्ता उरला नव्हता.

एक चोरवाट होती, तीही कंपनीनेच ठेवलेली. शिकणाऱ्या माणसाला आपलं ॲप तारेने स्वतःच्या फोनात चढवून पाहता यायचं. मुदत सात दिवस. आठव्या दिवशी ते आपोआप बंद. कानसेनने दर रविवारी सकाळी ताईचा फोन तारेला जोडायला सुरुवात केली. ती शेजारी बसून बघायची. काम झालं की ती बोट ठेवायची, 'तुझं ऐकलं, पण पटलं नाही', आणि आवाज आलाय याची दोघांना खात्री पटायची.

ताईचं झालं, पण बाकीच्यांचं काय? शहरात अकरा जण होते. संगणक पिशवीत घालून तो दर आठवड्याला अकरा घरं फिरायला लागला. जिने चढायचा, तार जोडायचा, पाणी प्यायचा, पुढे निघायचा. बायको म्हणाली, दूधवाल्यालासुद्धा आठवड्यातून एक सुट्टी असते. परगावच्या दोनशेंचे फोन त्याच्या हाताशी नव्हते. त्यांच्या घरच्यांचे निरोप यायचे. एका बाईने लिहिलं होतं, आमचे हे आता भिंतीकडे तोंड करून झोपतात. ते पत्र त्याने ताईला दाखवलं नाही.

मोठ्या कंपन्या बाजाराची नाकेबंदी करतात का हे पाहणाऱ्या आयोगाने चौकशी लावली तेव्हा डॉक्टरांनी कानसेनचं नाव कळवलं. साक्षीला ताईही गेली. लांबलचक खोली होती, कंपनीच्या बाजूला सात वकील. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं कानसेनलाही वाटलं नाही. दार एकच असलं की चोर आत शिरत नाही, हे खरंच होतं. मग मोठ्या वकिलांनी त्याला विचारलं, त्यांच्या अशिलाने तीच सोय फुकट दिली आहे, मग तक्रार नेमकी कशाची?

"साहेब, राखण करायला माझी ना नाही," कानसेन म्हणाला. "पण राखणदाराचंच दुकान शेजारी असेल, आणि माझा माल आत सोडायचा की नाही हेही त्यानेच ठरवायचं असेल, तर मी दाद कुणाकडे मागायची?"

वकिलांनी मान डोलावली आणि कागद उलटला. आयोगाच्या अध्यक्षबाईंनी ताईला काही सांगायचंय का असं विचारलं. ताईने फोन पुढे सरकवला आणि बोट ठेवलं. त्या खोलीत तिचा घोगरा, तरी बोर्डावरच्यासारखाच ठाम आवाज घुमला. "जाऊ दे, मी आहे ना." पाचांपैकी ही तऱ्हा ती रात्रपाळीतल्या घाबरलेल्या माणसांसाठी वापरायची. अध्यक्षबाईंना वाटलं ती चुकीचं वाक्य दाबून बसली. कानसेनला माहीत होतं, ते त्यांच्यासाठी नव्हतंच. साक्ष देताना त्याने दोनदा वळून तिच्याकडे पाहिलं होतं.

निकालाला अडीच वर्षं लागली. तेवढी ताईला मिळाली नाहीत. दुखणं उलटलं, या वेळी फुप्फुसात. शेवटचे दिवस ती घरीच होती. बोट उचलायची ताकद गेली तेव्हा भावजय तिचं बोट आपल्या हातात धरून पडद्यावर फिरवायची, आणि कुठे थांबायचं ते ताई डोळ्यांनी सांगायची. बुधवारी दुपारी ती गेली. फोन रविवारी तारेला लावलेला होता.

दिवस-कार्य उरकेपर्यंत फोन तसाच उशाशी पडून होता. त्यानंतरचा रविवार आला. कानसेन सवयीने तार घेऊन खोलीत गेला आणि उभाच राहिला. बायको दारात आली.

"लावताय?" तिने विचारलं.

"कुणासाठी?" तो म्हणाला. मग फोन उचलून पुन्हा उशाशी ठेवत, "फायली आहेत माझ्याकडे. सगळ्या आहेत. पण ती बोट ठेवायची म्हणून ते बोलणं होतं."

त्याने तार गुंडाळली आणि उरलेल्या घरांकडे निघाला. तोवर अकरापैकी सातच घरं उरली होती.

निकाल लागला तो कानसेनच्या बाजूचा. कंपनीने आपल्या जागेचा गैरवापर केला, नक्कल म्हणून काढून टाकलेली ॲप्स परत घ्यावीत, खरेदीचे दुसरे मार्ग अडवू नयेत. कंपनी वरच्या न्यायालयात गेली, तिथे आणखी आठ महिने. अखेर त्याला दोन ओळींचं पत्र आलं, की तुमचं खातं पूर्ववत करण्यात आलं आहे. दिलगिरीचा शब्द त्यात नव्हता, आणि त्याने शोधलाही नाही. तीन ओळींची ती दुरुस्ती त्याने त्याच दिवशी पाठवली, आणि पाटी दोनशे बाराही फोनांसाठी पुन्हा खुली झाली.

तो रोज सकाळी पाहायचा, किती जणांनी उघडली. पहिल्या आठवड्यात चार. महिनाभराने नऊ. काही माणसं राहिली नव्हती, काहींनी फोन बदलले होते. शिंपीदादांचं नाव दिसेना. स्वतःचे गुडघे गेल्यावर त्यांच्या चौथ्या मजल्यापर्यंतची फेरी त्याला वर्षापूर्वी सोडावी लागली होती, आणि ते त्याला लागून राहिलं होतं. म्हणून त्याने त्यांच्या घरी फोन केला. त्यांच्या बायकोने उचलला. पाटी परत आलीय, आता तारेबिरेची गरज नाही, कायमची चालेल, असं त्याने सांगितलं.



"तुमचे उपकार आहेत हो," त्या म्हणाल्या. "पण त्यांना आता नको वाटतं. मी फोन पुढे केला होता. हाताने बाजूला सारलं. न बोलण्याची सवय झाली त्यांना. खरं सांगायचं तर आम्हीही घरात आता फारसं बोलत नाही."

कानसेन बरं म्हणाला. त्यांनी फोन ठेवला तरी तो कानाशी धरून तसाच बसून राहिला, मान तिरपी करून, डोळे मिटून. पलीकडे खरखरसुद्धा नव्हती.