खांद्यावरचं मडकं

आज शेजारणीने ओटा फिनेलने धुतला आणि त्या वासाने मला बायकोची खाट दिसली. अर्धांगवायूने ती मळ्यातल्या घरात तीन वर्षं पडून होती. पोरगा नाशकात फ्लॅटात राहायचा. महिन्यातून एकदा यायचा, नाकाला रुमाल लावून दारातूनच विचारायचा, "आई, बरी आहेस ना?" तिचं हागणं-मुतणं काढलं ते लेकीने, सुमनने.

बायको गेली तेव्हा सरणाभोवती पाण्याचं मडकं घेऊन फिरायला पोरगाच पुढे झाला. मी ते हिसकावून सुमनच्या खांद्यावर दिलं.

"आबा, लोक बघतायत!"

"बघू दे. रुमाल आणलास का नाकाला?"

तेव्हा वाटलं, रागात लय केलं. आता वाटतं, कमीच केलं.