लाल छत्री आणि ग्राहक क्रमांक ११४

बरकतपुऱ्यात इंटरनेट बंद पडलं की लोक देवाच्या आधी दिलीप देगलूरकरचं नाव घेतात. बावन्न वर्षांचा माणूस, केस निम्मे पांढरे, खिशात कायम पक्कड, आणि फोनवर 'येतोच'साठी ठरलेलं वाक्य, "आरूं भाई, पाच मिन्टां रुको." ही पाच मिनिटं कधी तासाची होतात तर कधी दुसऱ्या दिवसाची. पण माणूस येतो आणि वायर जोडल्याशिवाय जात नाही, म्हणून लोक त्याला चालवून घेतात.

हा दिलीप एकेकाळी चारशे घरांचा राजा होता, हे आता सांगूनही पटायचं नाही. गौलीगुड्यात वाढला, वडिलांच्या हट्टापायी सरकारी नोकरीच्या परीक्षांना दोनदा बसला, दोनदा आपटला आणि सत्त्याण्णव साली बरकतपुऱ्यात एका मिरची भज्यांच्या दुकानावरच्या खोलीत केबलवाल्याच्या कंट्रोल रूममध्ये जाऊन बसला. कंट्रोल रूम म्हणजे काय, तर चार व्हीसीआर, दोन टीव्ही, एक टेबलफॅन आणि खालून येणारा तळणाचा वास. फॅन व्हीसीआरसाठी होता, दिलीपसाठी नव्हे.

संध्याकाळी सहा ते सात फर्माइशीचा तास. लोक फोन करायचे, दिलीप टेप लावायचा. सिनेमाची गाणी असायचीच, पण खरी मागणी असायची त्या काळातल्या अल्बमच्या गाण्यांना. काय गाणी होती ती! चार मिनिटांत अख्खी गोष्ट. गायक भर उन्हात लांब कोट घालून ओसाड रस्त्याने चाललेला, मागे पांढरे पडदे उडताहेत, कुठून तरी धूर येतोय, आणि एक मुलगी काही कारण नसताना मागे वळून बघतेय. कोण कुणाला सोडून गेलं, का गेलं, काही कळायचं नाही. तरी लोक फिरून तेच गाणं मागायचे.

गाण्याच्या खाली पडद्यावर एक पट्टी धावायची. बँगल स्टोअरची जाहिरात, कुणाच्या चिंटूचा वाढदिवस, हरवलेलं मांजर, सगळं त्या पट्टीत. पट्टीचं यंत्र इंग्रजी अक्षरांपलीकडे शिकलेलं नव्हतं, त्यामुळे हिंदी असो, तेलुगू असो, सगळ्यांनी इंग्रजी अक्षरांतच धावायचं. ती पट्टी लिहायचं काम दिलीपकडे होतं आणि तो ते मोठ्या रुबाबात करायचा.

रोज पावणेसातला एक फोन यायचा. "एकशे चौदा बोलतेय. लाल छत्री लावा." बस्स, एवढंच. नाव नाही, गाव नाही, मराठी आवाज आणि ग्राहक क्रमांक. लाल छत्री म्हणजे एका अशा गायकाचं गाणं ज्याने एकच कॅसेट काढली आणि जो पुढे कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. वाळवंटात एकाची स्कूटर रुतून बसते. लाल छत्रीवाली एक मुलगी येते, छत्री वाळूत रोवून त्याला सावली करून देते आणि स्वतः उन्हात चालत निघून जाते. दिलीपला गाणं आवडायचं की तो आवाज, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. सहा-चाळीसलाच टेप हातात घेऊन तो फोनकडे बघत बसायचा.

पुढे एकदा वायर दुरुस्त करायला तो एकशे चौदा नंबरच्या घरी गेला. दार उघडलं केशवरावांनी, म्हणजे घरच्यांच्या नानांनी. कोर्टातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, घरातही कपाळाला आठी घालून वावरणारे. त्यांनी आत मुलीला हाक मारली, "निर्मला, शिडी दे." निर्मलाने शिडी दिली, धरली, आणि तो वर चढल्यावर हळूच म्हणाली, "आज गाणं पाच मिनिटं उशिरा लावलंत." दिलीपराव खाली उतरले ते कामातून गेलेले!

दीड वर्षाने दोघांचं लग्न झालं. आता सव्वीस वर्षं झाली. ती शाळेत गणित शिकवते, हा वायरी ओढतो, संसार छान चाललाय. भांडण एकच, पण ते लग्नापासून तसंच आहे.

दिलीप म्हणतो, "मी हिला चारशे घरांच्या देखत मागणी घातली. लाल छत्रीच्या खाली पट्टीत. नाव घेऊन."

निर्मला म्हणते, "यांनी मला काही विचारलं नाही. नाना केबलच्या ऑफिसात गेले आणि पत्रिका जुळवून आले."

"टेप आहे माझ्याकडे. त्या दिवशी मी दुसऱ्या मशीनवर सगळं रेकॉर्ड केलंय."

"मग लावा की."

इथे गाडी अडायची. टेप माळ्यावर, व्हीसीआर केव्हाच भंगारात. हाताच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण इथे काकणच माळ्यावर पडलेलं. पाहुण्यांसमोर दर वर्षी हा खेळ व्हायचा, सगळे हसायचे, दिलीपही हसायचा. पण अलीकडे त्याला आतून भीती वाटायला लागली होती. आयुष्यात आपण एकच धाडस केलं, आणि तेही केलं नसेल तर? नुसतं मनात आणलं असेल आणि सांगून सांगून खरं वाटायला लागलं असेल तर?

गेल्या महिन्यात तो तारनाक्याला अमेयच्या घरी राउटर बसवायला गेला. अमेय पुण्याचा, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि तिथल्या मराठी मंडळींचा हौशी कार्यकर्ता. त्याने नव्वदीतल्या गाण्यांचा कार्यक्रम ठरवला होता, मोठ्या पडद्यावर, रविवारी दुपारी चारला. तीस गाण्यांची यादी त्याने कौतुकाने दाखवली.

"लाल छत्री नाही?" दिलीपने विचारलं.

"नेटवर कुठेच सापडत नाही काका. लोक नुसती आठवण काढतात."

"माझ्याकडे आहे," दिलीप म्हणाला. पट्टीबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. आपल्या लग्नाची गोष्ट मुलाच्या वयाच्या माणसाला काय सांगायची! आणि त्याला निर्मलाला दाखवायचं होतं ते भर सभेत. चारशे घरं नाहीत तर निदान शंभर खुर्च्या.

टेप माळ्यावरून उतरली तेव्हा बुरशीने पांढरी झाली होती. दिलीपने ओळखीच्या कबाडीकडून एक व्हीसीआर मिळवला. टेप वाचणारं मशीनचं डोकं त्याने जुन्या पद्धतीने साफ केलं, म्हणजे दहाची कोरी नोट स्पिरिटमध्ये बुडवून हलक्या हाताने घासली. त्या काळी केबलवाल्याच्या खिशात यासाठी एक नोट कायम वेगळी असायची. मग कॅसेट उघडून मऊ फडक्याने पट्टा पुसला, इंच इंच, दोन दिवस. निर्मला येता जाता बघत होती. एकदा तिने न मागता चहा आणून ठेवला.

अमेयने लॅपटॉप जोडला. दिलीप व्हीसीआरवर वाकून, बोट बटणावर ठेवून, जीव मुठीत धरून बसला. लॅपटॉपचं तोंड अमेयकडे होतं. गाणं पूर्ण झालं आणि मशीनमधून खर्रकन आवाज आला. पट्टा आत गुंतला होता. बाहेर काढला तेव्हा शेवयांचा गुंता हातात आला आणि त्यावरची काळी भुकटी बोटांना लागली. टेप संपली.

"जाऊ दे," दिलीप म्हणाला. "तुझ्यात आलंय ना?"

"आलंय काका. मस्त आलंय."

रविवारी निर्मला ठेवणीतली निळी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली. दिलीप तिच्या शेजारी, हात मांडीवर घट्ट. तीस गाणी झाली, लोक पडदे आणि धूर बघून खिदळले, सोबत गायले. मग लाल छत्री आली. वाळवंट काचेसारखं स्वच्छ, छत्री कुंकवासारखी लाल. खाली पट्टी नव्हती.

दिलीप खालच्या कडेकडे बघतच राहिला. गाणं संपलं, टाळ्या पडल्या.

अमेय धावत आला. "कसं वाटलं काका? खाली काहीतरी जाहिराती पळत होत्या, त्या मी रेकॉर्ड करतानाच कापल्या. आणि चित्र एकदम शार्प केलं."

"मूळ ठेवलंय का?"

"मूळच तसं आलंय. का हो, काही चुकलं?"

या पोराला काय बोलायचं! त्याने प्रेमाने केलं होतं. "नाही रे," दिलीप म्हणाला. "फार छान झालं." आपलेच दात आणि आपलेच ओठ.

स्कूटरवरून घरी येताना त्याने दोनदा वळण चुकवलं. घरी येऊन दिवा न लावता खुर्चीत बसला. त्याला रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. निर्मलाने दिवा लावला, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि आत गेली. बाहेर आली ती केशवरावांची जुनी, नाडीने बांधलेली फाइल घेऊन. नाना जाऊन दहा वर्षं झाली तरी त्यांच्या फायली तिने टाकल्या नव्हत्या.

"हे वाचा," ती म्हणाली.

केशवरावांचं टपोरं अक्षर. "प्रति, व्यवस्थापक, केबल कंट्रोल रूम. विषय: पडद्यावरील सूचनेबाबत. महोदय, काल सायंकाळी सहा पन्नास वाजता आपल्या पट्टीत पुढील मजकूर आढळला: 'ग्राहक क्रमांक ११४, एका गोष्टीचे उत्तर हवे आहे, कळवावे.' प्रश्न कोणता, हे नमूद नसल्याने उत्तर देणे शक्य नाही. तरी प्रश्न लेखी पाठवावा. तसेच वाळवंटात छत्री उघडण्याचे प्रयोजनही कळवावे." खाली सही, तारीख, बारा नोव्हेंबर सत्त्याण्णव.

दिलीपने दोनदा वाचलं. म्हणजे केलं होतं! पण नाव नव्हतं. मागणीही नव्हती. एवढं घाबरत घाबरत, नंबराच्या आड लपून विचारलं होतं, आणि तो सव्वीस वर्षं चारशे घरांच्या बढाया मारत होता.

"हे पत्र मला कधी मिळालंच नाही," तो म्हणाला.

"कसं मिळेल? नानांनी मला द्यायला दिलं होतं, कॉलेजला जाताना. मी दप्तरात ठेवलं, आणि पुढे त्यांच्याच फायलीत लावून टाकलं. दिलं असतं तर तुम्ही भीतीने गाव सोडलं असतं." ती समोर बसली. "मग मी रोज नानांना सांगायला लागले, चित्र हलतंय, तुम्ही स्वतः जाऊन त्या मुलाशी बोला. चार वेळा पाठवलं. पाचव्या वेळी ते तुमची पत्रिका मागून आले."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"पहिल्या दिवसापासून."

"मग इतकी वर्षं मी विचारलं नाही, असं का म्हणतेस?"

"विचारलंत ते एकशे चौदाला. मला कुठे विचारलंत?" ती हसत नव्हती. "दर वर्षी वाटायचं, हा माणूस टेप शोधेल, पुरावा आणेल, पण एकदा सरळ विचारणार नाही. नक्को म्हटलं असतं का मी?"

दिलीपने पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग त्याने खिशातून पेन काढलं आणि नानांच्या सहीखाली रिकाम्या जागेत लिहिलं, "निर्मला, माझ्याशी लग्न करशील का?" अक्षर वाकडं आलं. कागद त्याने तिच्यापुढे सरकवला.

तिने चष्मा लावला, पोरांची वही तपासावी तसं वाचलं. "उत्तरही लेखी लागतं. पेन द्या."

तिने एकच शब्द लिहिला, "हो." त्याखाली सही केली आणि तारीख घातली, बारा नोव्हेंबर सत्त्याण्णव.