आधी नानांना, मग बाळाला

उभ्या धुळ्यात तान्ह्या मुलांची औषधं माझ्या चुलत सासऱ्यांइतकी कुणी प्यायली नसतील, आणि तेव्हा ते साठीला टेकलेले होते. घरीदारी सगळे त्यांना नाना म्हणत. लग्न केलेलं नव्हतं. सारा जन्म जिनिंगमध्ये कापूस चिमटीत धरून त्याची प्रत ठरवण्यात गेला. आपल्या हाताने पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही ही खोड तिथलीच असावी. काम सुटल्यावर ते देवपुरात आमच्याकडे राहायला आले, आणि त्याच वर्षी मी जळगावहून, माहेरून, माझ्या बेबीला घेऊन परतले. टांग्यातून उतरत होते तोच नाना दारात येऊन म्हणाले, "सूनबाई, पोरीले जे बी देनं व्हई ते पहिले माले द्या." मला वाटलं म्हातारा गंमत करतोय. पण नाना गंमत करणाऱ्यांतले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी सासूबाई बाळगुटी उगाळायला बसल्या. वेखंड, हिरडा, मुरडशेंग, जायफळ असे सहाणेवर वेढे चालले होते. नाना समोर उकिडवे बसून राहिले आणि पहिली गुटी त्यांनी मागून घेतली. तीही बाळाएवढी नव्हे. आपल्या अंगाचं माप मोठं, तेव्हा गुटीही त्या मापाने हवी, असा त्यांचा हिशेब. सासूबाईंनी वैतागून वाटीभर उगाळून दिली. नाना ओसरीवर भिंतीला टेकून जे झोपले ते दिवेलागणीला उठले. मधे शेजारच्या मारवाडी शेठाणी येऊन त्यांच्या नाकापुढे सूत धरून गेल्या. उठल्याउठल्या नाना म्हणाले, "जायफळ जास्ती व्हयनं." त्या दिवसापासून बेबीच्या गुटीतलं जायफळ कमी झालं, आणि खरं सांगते, तिची दुपारची गुंगीही गेली.

मग त्यांना चेव चढला. काजळ केलं की पहिलं बोट नानांच्या डाव्या डोळ्यात. तेवढा एक डोळा भरून ते बाजारात भाजी आणायला जात, आणि भाजीवाल्या पदर तोंडाला लावून हसत. बाळंतघरात ओवा-वावडिंगाची धुरी पेटली की आधी नाना शेगडीपाशी. त्यांच्या खोकण्याने पांझरा नदीवरचे बगळे उडत असं माझे यजमान म्हणत. बेबीला न्हाऊ घालायला येणारी बाई तर त्यांना टेकीला आली होती. पाण्याचा पहिला तांब्या त्यांच्या पाठीवर पडल्याशिवाय बेबीला पायांवर घ्यायची सोय नव्हती. एकदा त्यांनी तेल लावून पोटऱ्या चोळून दाखव म्हणताच ती म्हणाली, "नाना, तुमनं आंग चोळाले पैलवान लागी." पाळणा टांगला तेव्हाही हेच. सगळे नको नको म्हणत असताना नाना त्यात चढून बसले आणि कडीसकट खाली आले. कंबर धरून उठताना चेहऱ्यावर काय समाधान होतं. "दखा, कडी कच्ची शे." कडी कच्ची होतीच.

एरंडेलाची गोष्ट मात्र सांगू नये अशी आहे, म्हणून थोडक्यात सांगते. बेबीला एरंडेल द्यायचं ठरलं, नानांनी सकाळीच आपला वाटा घेतला, आणि त्यांना आठवलं की आज पिंपळनेरला एका सोयरिकीच्या बोलणीला जायचं आहे. ते तसेच मोटारीत बसले. मोटार साक्रीला पोचेपर्यंत कंडक्टर त्यांना घरच्यासारखा ओळखू लागला होता. बोलणी काय झाली देव जाणे, पण परत आल्यावर नाना खाटेवर आडवे होऊन एवढंच म्हणाले, "पोरीले नका देऊ." हळूहळू आळीतल्या बायाही आपापल्या बाटल्या, चाटणं घेऊन यायला लागल्या. नाना जिभेवर घेत, डोळे मिटत आणि कापसाची प्रत सांगावी तसे सांगत, "कडू शे, पन चांगलं शे."

अशा या माणसाची पंचाईत झाली ती देवी टोचण्याच्या वेळी. साक्रीकडच्या खेड्यांत देवीची साथ असल्याचं कानावर येत होतं, आणि नगरपालिकेचा देवी टोचणारा आळीत फिरत होता. बेबीला टोचून घ्यावं म्हणून माझा जीव वरखाली होत होता. पण सासूबाई ऐकेनात. "आई तिन्या मनवरी येस. सुई टोचीसन तिले बलावू नही," एवढं एकच. देवीच्या रोगाला त्या आईच म्हणत. यजमान वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले. तेव्हा नानांनी आपली नेहमीची तोड काढली. बाही वर सारून ते टोचणाऱ्यापुढे जाऊन बसले. त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो कपाळापासून हनुवटीपर्यंत देवीच्या वणांनी भरलेला होता.

"नाना, तुम्हाला लहानपणीच येऊन गेल्यात. तुमच्या दंडावर आता काही उठायचं नाही," तो म्हणाला.

"टोचा," नाना म्हणाले.

त्याने टोचलं. आठवडाभर नाना उघडा दंड उन्हात धरून वाट पाहत होते. काही उठलं नाही. आणि सासूबाईंनी त्यातून जो अर्थ काढला तो आमच्या घरातच निघू शकतो. "भावोजीस्ना आंगवर आई उनी नही. तिले हाई पसंत नही." झालं. ज्या माणसाच्या चाखण्यावर सारी आळी चालत होती त्याच्याच दंडाने आमचा घात केला.

त्यानंतर चारच घरं पलीकडच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला. त्या घरात देवी आली याची ती खूण. आळीतल्या पोरांचं खेळणं बंद झालं. मी बेबीला छातीशी धरून बसले होते आणि मला सासूबाईंचा राग येत होता, तो पोटात मावेना. टोचणारा उद्या खेड्यांकडे निघणार होता. नाना माजघरात आले. आम्हा बायकांच्या बोलण्यात ते कधी पडत नसत. ते सासूबाईंसमोर खाली बसले.

"वहिनी, पोरीनं बठ्ठं मी चाखीसन दखस ना?"

"हा."

"हाऊ रोग बी मी चाखेल शे. मन्या दोन्ही बहिनी मना जोडे खाटवर व्हत्यात. त्या नही वाचन्यात. पोरीले हाऊ चाखू देऊ नका."

सासूबाई या घरात येऊन चाळीस वर्षं झाली होती. त्या बहिणींचं नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. लग्न का झालं नाही हेही कुणी नानांना विचारलं नव्हतं, चेहऱ्याकडे पाहून सगळ्यांनी समजून घेतलं होतं. त्या उठल्या, माझ्या कुशीतून बेबीला उचललं आणि टोचणाऱ्याला बोलावणं धाडलं. नाना बेबीला मांडीवर घ्यायला पुढे झाले तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही ऱ्हाऊ द्या भावोजी. मी धरस."

बेबीच्या दंडावर देवी उठली, भरली, ताप आला. सासूबाईंनी घरात फोडणी बंद केली आणि उशाशी लिंबाचा पाला ठेवला. आईचा मान त्यांनी राखलाच. नाना तेवढे दिवस पाळण्याजवळ नुसते बसून होते. करायला काहीच नाही, असं त्यांना पहिल्यांदाच झालं असावं. खपली पडली तशी त्यांनी दोन वेळचं एकदम जेवून घेतलं.

नाना जाऊन आता खूप वर्षं झाली. मला त्यांची आठवण येते ती बेबी चालायला-बोलायला लागली त्या दिवसांतली. संध्याकाळी ती त्यांच्या मांडीवर उभी राही आणि त्यांच्या गालांवरच्या एकेका खड्ड्यात बोट घालून विचारी, "नाना, हे काय?" तिचं बोट फिरून होईपर्यंत नाना मान हलवत नसत. "काही नही वं, उंदीर कुरतडी गयात," म्हणत. तिला ते पटायचं. खरं उत्तर तो रोग होता, आणि तो पुढे तिच्या पाहण्यात कधी आलाच नाही.