बाकावरचं नाव

ठरवून एकत्र राहणाऱ्या लोकांच्या वसाहतींमधल्या लाकडी सामानाचं प्रदर्शन पाहायला गेले, तर समोर आमच्याच वसाहतीच्या सामायिक जेवणघरातलं बाक. बाजूच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘सर्वांनी मिळून घडवलेलं.’ खरं तर ते माझ्या बाबांनी एकट्यानं, उन्हाळाभर खपून घडवलं होतं. पण वस्तूवर कुणाचं नाव घालायचं नाही, हा नियमही त्यांचाच.

तिथल्या मुलीला हे सांगितलं.

“पाटीवर नाव घालू का त्यांचं?” तिनं विचारलं.

“नको,” म्हणाले आणि बाहेर आले. पण पाय पुढे जाईनात. साऱ्या वसाहतीचे असलेले बाबा माझ्या वाट्याला असे कितीसे आले होते?

परत आत गेले. “दत्तात्रय, असं लिहा,” म्हणाले.

तिनं लिहिलं. तरी जीव थाऱ्यावर येईना. बाबा असते तर त्यांनी ते पुसलं असतं, आणि मी पुन्हा लिहिलं असतं.